ताईच्या जागी दादा

आईचा फोन सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आला. दादाने स्वतः न करता आईला करायला लावला, त्यावरूनच प्रकरण चांगलंच अंगाशी आलंय हे मला कळलं.

"अगं, लॅबमधला तुझा तो कॉम्प्युटर रुसलाय," आई म्हणाली. "रात्री आपोआप काहीतरी अपडेट झालं म्हणे. सकाळपासून ती काळी खिडकी उघडते आणि लगेच मिटते. आणि नेमकी आज तीन वाजता परवान्याची तपासणी."

"माझा कॉम्प्युटर?" मी म्हटलं. "तो तर दादाचा. माहितीपत्रकात छापलंय तसं."

"आता तेच उगाळत बसू नकोस. जरा मोठेपणा घे."

"मोठेपणा घ्यायला मी धाकटी आहे, आई."

ती आवाज खाली आणून म्हणाली, "हे सकाळपासून चहाला वर आलेले नाहीत."

मी येते म्हटलं. आईला वाटलं असणार, पोरगी विरघळली. मी दहा महिने याच फोनची वाट पाहत होते. शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली, पिशवीत पेन ड्राइव्ह आहे ना ते चाचपलं आणि निघाले.

आमची लॅब पाणी तपासते. खाली लॅब, वर घर. विहिरीचं, टाकीचं, कारखान्याचं, दवाखान्याचं पाणी बाटल्यांतून येतं आणि ते पिण्याजोगं आहे की नाही हे आम्ही सांगतो. 'आम्ही' हे नुसतं तोंडात बसलंय म्हणून लिहिलं. बाबांनी तीस वर्षांपूर्वी लॅब सुरू केली तेव्हापासून सगळे आकडे वहीत उतरवले जायचे. माझं भौतिकशास्त्र पूर्ण झालं त्या वर्षी एका दवाखान्याच्या पाण्याचा आकडा वहीतून अहवालात जाताना दशांश चिन्ह एक घर सरकलं आणि चांगली टाकी चार दिवस बंद राहिली. मला त्या चुकीचा राग आला, पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. यंत्रातून निघालेला आकडा कागदावर पोचेपर्यंत त्याला किती हात लागतात? मी मोजले. सात. दोन वर्षं खपून मी ते शून्यावर आणले.

कसे, ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडायची, तिच्यात एक शब्द टाइप करायचा. खिडकीमागे बसलेला एक प्रोग्रॅम तो शब्द वाचतो आणि काम करतो. त्याला शेल म्हणतात. शेल जागा झाला की सगळ्यात आधी एक फाइल वाचतो, आणि कोणत्या शब्दाचा अर्थ काय घ्यायचा ते त्या फाइलीत लिहिलेलं असतं. मी त्या एका फाइलीत अकराशे ओळी लिहिल्या. बाटली आली की 'नमुना' टाइप करा, तिला नंबर मिळेल. 'मोज' टाइप करा, यंत्रातला आकडा येईल. 'अहवाल' टाइप करा, छापलेला कागद हातात. बाटल्या धुणाऱ्या मावशींनासुद्धा दोन दिवसांत जमलं. लॅबमध्ये सगळे मला ताई म्हणायचे. म्हणून फाइलीत जिथे जिथे समजावून सांगायची टीप लिहिली, तिथे शेवटी रोमन अक्षरांत सही केली. टी, ए, आय. ताई.

मग एका रविवारी जेवणं झाल्यावर बाबांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत," ते म्हणाले. "लॅब दादा सांभाळेल. तू पुढे शिक. तुला चालेल ना?" मी थोडा वेळ विचार केला आणि चालेल म्हटलं. मला खरोखरच चालणार होतं. खुर्चीत मला रस नव्हता.

महिन्याभराने लॅबचं नवं माहितीपत्रक निघालं. 'संकल्पना आणि निर्मिती' याच्यापुढे दादाचं नाव. आयत्या बिळावर नागोबा. मी तेही गिळलं. गिळता आलं नाही ते त्यापुढचं. एका संशोधन संस्थेत मी अर्ज केला आणि त्यात हे काम लिहिलं. मुलाखत छान झाली. त्यांनी खातरजमा करायला लॅबला फोन केला, आणि दादा म्हणाला, "हो हो, ती मदत करायची." मला नकाराचं पत्र आलं, अर्जातली माहिती पडताळून पाहता आली नाही म्हणून. थोडक्यात, मी खोटारडी. तेव्हापासून मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. मुलांच्या तासाआधी भिंगं पुसून मांडते.

माझा बेत साधा होता. दुरुस्ती दहा मिनिटांची निघाली तरी पावणेतीन वाजवायचे. तोवर त्याला घाम फुटू द्यायचा. आणि 'मदत' हा शब्द त्याच्याच घशात घालायचा.

लॅबच्या शेजारी लेथचा कारखाना आहे. त्याची घरघर भिंतीतून आत येते, म्हणून अचूक वजनं करायचा तराजू बाबांनी दुसऱ्या टोकाला दगडी ओट्यावर ठेवलाय. मी आत शिरले तेव्हा बाबा त्या ओट्यापाशीच उभे राहून काचेच्या बशीतले जंतूंचे ठिपके मोजत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. बोट मात्र एकाच ठिपक्यावर थांबलं होतं.

"आलीस का ताई!" नळाखाली बाटली धरून मावशी म्हणाल्या. "बघ बाई एकदा. दादा सकाळपासून त्या खिडकीला टकटक करतोय. दार वाजवल्यासारखं."

दादा खुर्चीतून उठला. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर, केस एका बाजूला उभे. "ये, बस. अपडेटने सगळी वाट लावली बघ. त्यांना कळत नाही, चालू असलेल्या गोष्टीत हात कशाला घालावा."

"कुणाला कळत नाही?"

"त्या अपडेटवाल्यांना." त्याने खुर्ची माझ्याकडे ढकलली. "जरा मदत हवी होती तुझी."

मी बसले नाही. "मदत मी करत नाही, दादा. मी काम करते. काम हवंय का?"

मावशींनी नळ बंद केला. त्यांना भांडण नीट ऐकू यायला लागतं.

"बरं. काम हवंय."

"कोणाकडून?"

"हे काय शाळेसारखं... तुझ्याकडून! झालं?"

"झालं," म्हणून मी बसले. खरं तर अजून काहीच झालं नव्हतं. पण सुरुवात चवीला बरी होती.

खिडकी उघडली. एक ओळ लकाकली आणि खिडकी मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा तेच. डोळ्यांनी वाचणं शक्य नव्हतं. मी फोन काढला, कॅमेरा संथ गतीवर लावून पडद्यासमोर धरला आणि दादाला म्हटलं, "आता उघड." सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं. मग एकेक चित्र पुढे सरकवत मोजलं. खिडकी एकोणसत्तर चित्रं टिकत होती, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यालाही थोडी कमी. अठ्ठेचाळिसाव्या चित्रात ती ओळ स्पष्ट दिसली. शेलची तक्रार होती की अमुक नावाची आज्ञा सापडत नाही. नाव होतं डी, ए, डी, ए, एल.

"दादल?" मी मोठ्याने वाचलं. "दादल सापडत नाही म्हणतोय."

"दादला सापडत नाही?" मावशी लगेच म्हणाल्या. "माझा पंधरा वर्षांपूर्वी गेला तो गेलाच. त्याची एवढी बोंब कुणी मारली नाही."

दादा हसला नाही. त्याचा चेहरा मी ओळखते. लहानपणी फुलदाणी फुटली तेव्हा तो असाच खिडकीबाहेर बघत होता. त्याला अजून नेमकं कळलं नव्हतं, पण कुठेतरी काहीतरी आपल्याच पायाखाली आहे एवढा वास आला होता.

मलाही तोवर कळलं नव्हतं. दादल ही आज्ञा मी लिहिलेली नव्हती, आणि जगात कुणीच लिहिलेली नाही. शेलला असंही उठवता येतं की बाबा रे, आज ती सुरुवातीची फाइल वाचू नकोस, नुसता उठ. मी तसा उठवला. खिडकी उघडली आणि उघडी राहिली. दादाने सुस्कारा सोडला.

"झालं?"

"पी हळद आणि हो गोरी. अजून एकही शब्द समजत नाही त्याला."

मी फाइल उघडली. पहिली ओळ मला पाठ होती: लिहिणार, ताई. पडद्यावर होतं: लिहिणार, दादा.

खाली गेले. दादा. दादा. दादा. प्रत्येक टिपेखाली. जिथे मी माझ्याच चुकीबद्दल लिहिलं होतं की हे घाईत केलंय, सुधारायला हवं, तिथेसुद्धा शेवटी दादा. माझ्या चुकाही त्याने उचलल्या होत्या. आणि मग ती ओळ आली, जिथे शेल अडखळत होता, आणि मी खुर्चीत मागे टेकून खदखदून हसले. बाबांनी पहिल्यांदा वर पाहिलं.

त्याचं असं होतं. नव्या बाटलीला नंबर द्यायचा तर आधीचा शेवटचा नंबर ठाऊक हवा. म्हणून शेल उठताना नोंदींच्या यादीची शेवटची ओळ वाचतो. शेवटची ओळ वाचायची आज्ञा आहे 'टेल', शेपूट. तिचं स्पेलिंग टी, ए, आय, एल. त्यातलं शेवटचं अक्षर झाकून बघा. कोण राहतं तिथे? ताई. दादाने 'शोधा आणि बदला' वापरून सगळीकडची ताई काढून दादा घातला होता, आणि शेपटातली ताईसुद्धा निघाली. टेलचा झाला दादल. शेवटचा नंबर वाचता आला नाही तर खिडकी ताबडतोब बंद कर, हे मात्र मीच लिहून ठेवलं होतं, नाहीतर दोन बाटल्यांना एकच नंबर जाईल.

"कंटेनरचं स्पेलिंग सांग, दादा."

"कशाला?"

"सांग तर."

"सी, ओ, एन, टी, ए, आय..." तो थांबला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"आता बघ, तुझ्या फाइलीत पाण्याची बाटली म्हणजे कन-दादा-नर. अहवालावर हे छापून गेलं असतं तर तपासनीसांना काय सांगणार होतास?"

"पण मग दहा महिने कसं चाललं?" हे दादाने विचारलं, आणि प्रश्न योग्य होता. कुणीही शास्त्राचा माणूस आधी हाच विचारेल.

"कारण ती खिडकी दहा महिने कुणी बंदच केली नाही. शेल फाइल एकदाच वाचतो, उठताना. तू फाइल बदललीस तेव्हा तो आधीच उठलेला होता, सगळे शब्द डोक्यात घेऊन बसला होता. तो जुन्या फाइलीवर, माझ्या फाइलीवर चालत होता. काल रात्री अपडेटने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, आणि त्याने तुझी फाइल पहिल्यांदा वाचली." मी त्याच्याकडे वळले. "अपडेटने काहीही बिघडवलं नाही. नाचता येईना, अंगण वाकडं."

पेन ड्राइव्हवर माझी मूळ प्रत होती. दोन्ही फाइली एकमेकींसमोर ठेवून फरक काढला. अठ्ठ्याऐंशी जागा. त्रेसष्ट माझ्या सह्या, नऊ टेल, सोळा कंटेनर आणि तसलेच शब्द. अगदी सोपी गोष्ट होती, जुनी प्रत त्या जागी ठेवायची, एक आज्ञा. मी ती टाइप करण्याआधी सहज फाइल शेवटची कधी बदलली ते पाहिलं, कारण मला ते पाहायची सवय आहे. तारीख, वार, वेळ. शुक्रवार, दुपारचे चार चाळीस.

मला आधी वाटलं, मी तारखेत चुकतेय. फोनमध्ये त्या महिन्याचं पान उघडून पाहिलं. चुकत नव्हते. ज्या रविवारी मला समोर बसवून 'तुला चालेल ना' म्हणून विचारलं, त्याच्या आधीचा शुक्रवार. मी विचार करून उत्तर देत होते तेव्हा माझं नाव पुसून दोन दिवस झाले होते.

आधीचा सूड, तो पावणेतीन वाजवण्याचा, आता मला पोरकट वाटला. अकरा वीस झाले होते.

जुनी प्रत जागेवर ठेवायची आज्ञा मी टाइप केली. एंटर दाबलं नाही. "बदल-नोंदवही कुठेय?" मी विचारलं.

ही वही बाबांनीच सुरू केलेली. यंत्रात, पद्धतीत किंवा प्रोग्रॅममध्ये काहीही बदललं तर ते तिच्यात लिहायचं. काय बदललं, का, कोणी केलं, कोणाच्या मान्यतेने. सह्या झाल्याशिवाय बदल वापरात आणायचा नाही. तपासणीत सगळ्यात आधी हीच वही उघडतात. मावशींनी हात पुसून ती कपाटातून आणली. शेवटची नोंद माझी होती. त्या शुक्रवारची नोंद नव्हती.

मी पेन काढलं आणि लिहायला लागले. दादा खांद्यावरून वाचत होता. तिसऱ्या ओळीला त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"नुसतं 'अपडेटनंतर दुरुस्ती' लिही ना."

"खोटी नोंद? तपासणीच्या दिवशी?"

"तपासनीस बाई वाचतील गं हे."

"वाचावी म्हणूनच वही असते. हात काढ."

मी लिहिलं ते असं: 'मागाहून केलेली नोंद. अमुक तारखेस, शुक्रवारी, सुरुवातीच्या फाइलीत मूळ लेखिकेचं नाव, ताई, काढून त्या जागी दादा असं घालण्यात आलं. पडताळणी केली नाही. त्यामुळे टेल या आज्ञेतली ताईसुद्धा निघाली आणि अठ्ठ्याऐंशी जागी फाइल बिघडली. ही संपूर्ण प्रणाली ताईने लिहिलेली आहे.' खाली आजची नोंद: 'मूळ लेखिकेने मूळ प्रत पुन्हा बसवली.'

"मी यावर सही करणार नाही," दादा म्हणाला.

"नको करूस. मग मी एंटर दाबत नाही. नियम आहे."

"तुला लॅब बंद पाडायचीय का? परवाना गेला तर बाबांचं..."

"लॅब चालायला हवी, दादा. तुझ्या सहीवर चालायला हवी."

तो मागे सरला. एक फेरी मारली, दुसरी मारली. दाराशी गेला, परत आला. मग मवाळ झाला. तो लहानपणी असंच करायचा, आधी दरडावणं, मग लाडीगोडी. "हे बघ, आपलेच दात, आपलेच ओठ. घरातलं घरात मिटवू. मी त्या संस्थेला फोन करतो, आत्ताच्या आत्ता. सांगतो, तीच करायची सगळं."

"बोललास ना एकदा फोनवर. पुरे झालं."

"मी काय वाईट बोललो होतो? मदत करायची एवढंच तर म्हटलं!"

"हो. एवढंच."

मी हात मांडीवर ठेवून बसले. भिंतीपलीकडे लेथ चालू होता. पडद्यावर ती आज्ञा टाइप केलेली होती आणि तिच्या शेवटी छोटा चौकोन लुकलुकत होता. मी माझी मूळ प्रत पुन्हा एकदा वाचायला घेतली, वेळ काढायला, आणि चारशे बाराव्या ओळीवर थांबले. टीप माझीच होती, तीन वर्षांपूर्वीची. 'नंबर शेवटच्या ओळीवरून उचलायची कल्पना: दादा.' मी विसरले होते. एका संध्याकाळी मी नंबरांच्या घोळात डोकं धरून बसले होते आणि त्याने जाता जाता म्हटलं होतं, मागचा काय तो बघ आणि एक मिळव, त्यात काय एवढं.

ती ओळ पुसायला एक बोट पुरे होतं. कुणाला कळलंही नसतं. माझं बोट तिथपर्यंत गेलंही. मग वाटलं, ही पुसली तर वहीतलं वाक्य खोटं पडेल, आणि माझ्याकडे त्या वाक्याशिवाय दुसरं हत्यार नव्हतं. सूड घ्यायचा तर दशांशानंतर तीन घरांपर्यंत बरोबर घ्यायचा. मी ओळ ठेवली आणि वहीतल्या वाक्यात चार शब्द वाढवले: 'ओळ ४१२ची कल्पना दादाची.'

दादाने ते वाचलं. त्याला ते कौतुक वाटलं की चपराक, मला सांगता येणार नाही. पण तो एकदम ओरडला.

"मी एकट्याने केलं नाही हे! बाबांनी सांगितलं होतं!"

लेथसुद्धा नेमका तेव्हाच थांबला. बाबांनी हातातली बशी ओट्यावर ठेवली आणि झाकण लावलं. झाकण नीट बसलं नाही, ते पुन्हा लावलं.

"मी म्हटलं होतं," ते म्हणाले, "लॅबचं तोंड एकच असावं. गिऱ्हाइकाला दोन तोंडं दिसली की विश्वास उडतो."

"शुक्रवारी म्हणालात?"

"...हो."

"आणि रविवारी मला विचारलंत, चालेल का."

"विचारायला हवं होतं, म्हणून विचारलं."

"मी नाही म्हटलं असतं तर?"

बाबांनी बशीचं झाकण पुन्हा दाबून पाहिलं. त्यांच्याकडे उत्तर होतं, आणि ते मला दिसत होतं. माणसाची जन्मभराची सवय जात नाही. जे मोजलेलं नाही ते ते बोलत नाहीत.

इथे मी थांबले असते तर चांगली मुलगी ठरले असते. मी वही त्यांच्याकडे सरकवली. "मग 'मान्यता' या रकान्यात तुमची सही लागेल, बाबा. 'कोणी केलं' तिथे दादाची."

"अगं ताई," मावशी हळूच म्हणाल्या. "बापाला तरी..."

"मावशी, नळ चालू करा."

त्यांनी केला नाही.

दोन वाजून सतरा मिनिटांनी दादाने सही केली. त्याआधी त्याने मला तीनदा दुष्ट म्हटलं, एकदा लहानपणीच्या टोपणनावाने हाक मारली आणि एकदा आईला खाली बोलावण्याची धमकी दिली. सही करताना पेन इतकं दाबलं की मागच्या पानावर खोल उमटलं. बाबांनी दोन वाजून एकवीस मिनिटांनी केली. सही करण्याआधी त्यांनी दोन्ही नोंदी सावकाश वाचल्या, ओळीखाली बोट धरून, परक्या लॅबचा अहवाल वाचावा तशा. एका जागी स्वल्पविराम घातला.

मी एंटर दाबलं. खिडकी बंद केली आणि नव्याने उघडली. ती उघडी राहिली. 'नमुना' टाइप केलं, नंबर आला. गेल्या आठवड्यातली, प्रमाण आधीच माहीत असलेल्या द्रावणाची बाटली घेऊन 'मोज' केलं, आकडा बरोबर आला. पडताळणीच्या रकान्यात तो लिहिला.

मला आनंद झाला. उगाच लपवत नाही.

तपासनीस बाई तीनला पाच कमी असताना आल्या. पाठीवर पिशवी, चष्मा कपाळावर. त्यांनी स्वतःची बाटली आणली होती, आतलं प्रमाण फक्त त्यांना माहीत. दादाने 'नमुना' टाइप केलं, 'मोज' केलं, 'अहवाल' केलं. एकदा चुकलेलं अक्षर पुसावं लागलं, पण शब्द तीनच होते. बाईंनी कागद हातात घेऊन स्वतःच्या चिठ्ठीशी ताडून पाहिला आणि मान हलवली. मग म्हणाल्या, "बदल-नोंदवही."

त्यांनी ती नोंद उभ्याने वाचली. नंतर खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचली.

"टेलमध्ये ताई," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "बावीस वर्षं ही आज्ञा वापरतेय, कधी दिसली नाही मला." आणि हसल्या. मग हसू आवरून दादाला विचारलं, "प्रमुख आपणच ना? हा बदल करण्याचं कारण इथे लिहिलेलं नाही. काय होतं कारण?"

दादाने बाबांकडे पाहिलं. बाबांनी ओट्याकडे पाहिलं.

"नाव... एकसारखं असावं म्हणून," दादा म्हणाला.

"एकसारखं?"

"म्हणजे... माझं असावं म्हणून."

"असं लिहा मग. रकाना रिकामा ठेवता येत नाही." त्यांनी स्वतःचं पेन पुढे केलं. दादाने लिहिलं. अक्षर शाळकरी पोरासारखं आलं होतं. बाईंनी आपल्या कागदावर एक त्रुटी नोंदवली, बदल वेळेवर न नोंदवल्याची, आणि त्यावर महिन्याभरात लेखी खुलासा मागितला. परवाना चालू राहणार होता.

जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या. "मूळ लेखिका तुम्ही? आणि आता इथे नाही?"

"नाही."

"का?"

"वहीत आहे सगळं," मी म्हटलं.

दार लागलं. दादा खुर्चीत बसून दोन्ही हातांनी चेहरा चोळत राहिला. मावशींनी शेवटी नळ चालू केला, पण बाटली धरायची विसरल्या, पाणी नुसतंच वाहत होतं. बाबा ओट्यापासून निघून हळूहळू माझ्यासमोर आले. गेल्या दहा महिन्यांत ते थोडे वाकलेत हे मला त्या वेळी दिसलं. दिसलं, तेवढंच.

"झालं समाधान?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग आणखी काय हवंय?"

"या पानाची झेरॉक्स."

"कशाला?"

"त्या संस्थेला पाठवायचीय."

"ती जागा तर भरली म्हणालीस. आता काय उपयोग?"

"उपयोग काही नाही. पाठवायचीय."

वही बाबांनी स्वतः उचलली, कोपऱ्यातल्या मशीनवर उपडी घातली आणि बटण दाबलं. सकाळपासून कुणी ते वापरलं नव्हतं, दिवा लाल होता. मशीन तापायला दोन मिनिटं लागतात. दादाही उठून आला, का कोण जाणे, आणि आम्ही तिघं तिथे उभे राहिलो, दिवा हिरवा व्हायची वाट बघत, कुणीही कुणाकडे न पाहता.